चर्चच्या अंगणातला वन्स मोर

आमच्या गावच्या मंडईत एका नटाला एकाच रात्री तीनदा मरावं लागलं, ते माझ्या बाबांमुळे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. मोहाडीच्या आसपास दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री नाटक. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत तंबू पडतो, पुरुष एका बाजूला आणि बाया दुसऱ्या बाजूला बसतात, मध्ये दोरी असते. बसायला ज्यानं त्यानं आपलं पोतं आणायचं. एखादा प्रवेश आवडला की लोक ओरडतात, "वन्स मोर!" गाणं असो, भांडण असो की मरण, नटानं ते पुन्हा करून दाखवायचं. आमच्याकडे वन्स मोर म्हणजे हुकूम. तो मोडणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षी तंबू ठोकायला जागा मिळत नाही.

बाबांचा आवाज बैलांमागं ओरडून कमावलेला. त्या रात्री नायक छातीत खंजीर खुपसून घेऊन मेला, बाबांनी वन्स मोर दिला. तो उठला, पुन्हा मेला. बाबांनी पुन्हा दिला. तिसऱ्यांदा तो आमच्या बाजूला डोळे वटारत मेला. तेव्हा दोरीपलीकडून, बायांच्या गर्दीतून माझ्या आईचा आवाज आला, "अजी, बिचाऱ्याले सुखानं मरू तं द्या!" सगळा तंबू हसला. मेलेला नटही हसला, त्याचं पोट हलताना मी पाहिलं. बाबा मात्र खूश होते. घरी जाताना आईला म्हणाले, "पाहिलं? तिसऱ्या वेळचं मरण सगळ्यात चांगलं होतं."

अशी त्यांची जोडी होती. नाटकाला दोघं बरोबर निघायचे, वेगवेगळे बसायचे आणि सकाळी पाटाच्या कडेनं भांडत परत यायचे. भांडण नाटकातल्या खलनायकाबद्दल असायचं.

मागच्या भाद्रपदात, धान निसवत असताना, आई थोड्याशा आजारानं गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा एकाही नाटकाला गेले नाहीत. शेजारचे काका, म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे नाटकाचे सोबती, दर वेळी पोतं बगलेत मारून दारात यायचे. बाबा म्हणायचे, "मले झोप येऊन राहिली." काकांनी एकदा मला फोन केला. "बाई, तुह्या बापाले समजाव. नाटकवाले विचारून राहिले, थो वन्स मोरवाला म्हातारा खपला का म्हनून."

मी हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत बसले.

मी भंडाऱ्यात एका शाळेत शिकवते आणि शनिवारी गावी जाते. त्या महिन्यांत बाबा माझ्याशी जरुरीपुरतं बोलायचे. मोटारीला लाइट आली होती का, जेवली का, गेटीला कुलूप लाव. आवाज असा की समोर बसूनही पुढं वाकून ऐकावं लागे. ज्या आवाजाला भिऊन मेलेली माणसं उठून बसायची, तो आवाज घरातल्या घरात हरवला होता. मला तो परत हवा होता. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

इथं माझ्या बाईंना आणावं लागेल, कारण माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी बाईंपाशी येऊनच सुटतात.

बाई मोहाडीच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायच्या. भंडाऱ्याहून रोज यायच्या. मी बारावी पास झाले तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, पोरीनं पुष्कळ शिकून घेतलं. बाई एका दुपारी आमच्या घरी आल्या, खाटेवर बसल्या, आईच्या हातचं पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "हिला मी नेते." मी त्यांच्या घरी राहून पदवी घेतली. आमच्या खानदानात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नाही. बाई ख्रिस्ती. जेवणाआधी प्रार्थना व्हायची. मीही डोळे मिटायची, पण आपल्या कुठल्या देवाला काय सांगावं याच्या गोंधळात माझं 'आमेन' नेहमी मागं पडायचं आणि भाताकडे हात गेलेल्या बाईंना ते ऐकायला थांबावं लागायचं. त्या कधी रागावल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "तुझ्या यादीतले सगळे झाले का? जेवूया?"

दर ईस्टरला बाई चर्चच्या अंगणात नाटक बसवायच्या. मरणावर मिळवलेल्या विजयाचं नाटक. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, पडद्याला इस्त्रीही त्यांचीच. या वर्षी तालमीच्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेले, तर त्या चिडून बसल्या होत्या.

"मी हे यंदा करणारच नव्हते," त्या म्हणाल्या. "करून उपयोग काय? सगळ्यांना पाठ आहे. येशू उठणार, हे पाळण्यातल्या पोराला माहीत. कबरीवरचा दगड सरकायच्या आधीच मागच्या रांगेतली माणसं चहाची भांडी काढायला उठतात. मेलेला जिवंत होतोय आणि यांना साखरेची काळजी!"

मी हसू दाबलं.

"मला एकदा तरी अशी माणसं समोर हवीत," बाई म्हणाल्या, "ज्यांना पुढं काय होणार ते माहीत नाही."

अशी माणसं माझ्या गावात भरपूर होती. आमच्या गावाला गुड फ्रायडे ठाऊक आहे तो बँक बंद असते म्हणून. क्रुसावर कुणी तरी चांगला माणूस मारला गेला, इतकं लोकांना फोटोंवरून कळतं. पुढचं कुणी विचारलेलं नाही. आणि नाटक म्हटल्यावर पोतं उचलणारी इतकी शहाणी माणसं जिल्ह्यात दुसरीकडे मिळणं कठीण. मी बाईंना हे सांगितलं. बाबांचंही सांगितलं. बाईंना आई माहीत होती. आई गेली त्या दिवशी त्या आमच्या ओसरीत सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसून होत्या.

"आण सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "पण दोन अटी. शेवट कुणालाही सांगायचा नाही. अगदी बाबांनाही नाही. आणि वन्स मोर चालणार नाही. पास्टर विचारतीलच मला, ती नाटकवाली माणसं शांत बसतील ना? मला त्यांना शब्द द्यावा लागेल."

मग त्यांनी स्वतः बाबांना फोन लावला, यायला सांगितलं आणि वन्स मोर न देण्याचा शब्दही मागितला. बाबांच्या बाजूनं "हो जी, हो जी" एवढंच ऐकू आलं. मी गावी गेले तेव्हा बाबा म्हणाले, "मॅडमबाईले नाही कसं म्हनू? तुले पदवी देली तिनं." बाबांचा असा समज आहे की पदवी विद्यापीठ नाही, बाई देतात. मी तो मोडलेला नाही.

ईस्टरच्या रविवारी ऊन उतरल्यावर गावातून काळीपिवळी निघाली. जीप ड्रायव्हरची, पण त्या दिवशी कारभार माझ्याकडे होता. मी पुढच्या सीटवरून मागं वळून शिक्षिकेच्या आवाजात नियम सांगितले. शिट्टी नाही. वन्स मोर नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा फाटकाबाहेर.

"लावणी हाये का?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

"कॉमेडी?"

"नाही."

"मंग हाये तरी काय?"

"एक चांगला माणूस असतो. त्याला सगळे त्रास देतात."

"हे तं घरचंच झालं," काका म्हणाले. "बरं, सुटते कधी?"

"नऊच्या आत."

"नऊच्या आत?" काकांनी सगळ्या जीपकडे साक्षीला पाहिलं. "नऊले तं आपल्याकडं पेटीवाला जेवून येते!"

सगळे हसले. बाबा खिडकीतून उन्हाळी धानाकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "बाबा, वन्स मोर नाही. शब्द द्या."

"मी कायले बोलू?" ते म्हणाले. इतक्या हळू की मागच्या सीटवर बसलेल्या शेजारच्या मावशींनी विचारलं, काय म्हनते थो?

चर्चच्या अंगणात लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. इस्त्रीचे कपडे घातलेले लोक हळू आवाजात बोलत होते. आमची मंडळी जीपमधून उतरली, खुर्च्यांच्या मधून सरळ चालत पुढं गेली आणि मंचाच्या पायाशी पोती अंथरून बसली. पास्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर घंटेकडे पाहिलं.

पास्टर स्वतः पुढं आले. सज्जन माणूस. वाकून म्हणाले, "काका, वर खुर्च्या आहेत."

"राहू द्या जी," काका म्हणाले. "खुर्चीवरून नाटक दिसते. समजाले खाली बसा लागते."

पास्टर दोन पावलं मागं गेले आणि एका खुर्चीवर बसले, पण जरा अवघडून.

नाटक सुरू झालं. येशूचं काम वरठीच्या कारखान्यातला एक तरुण करत होता. दाढी स्वतःची होती, झगा बाईंच्या जुन्या पडद्याचा. कबर बांबू आणि गोणपाटाची, राखाडी रंगवलेली. तिच्या तोंडावरचा दगड मात्र भारी होता. केबल गुंडाळायचं मोठं लाकडी चाक आणून त्याच्यावर गोणपाट चढवलं होतं.

शेवटच्या जेवणाचा प्रवेश आला. फितूर होणारा शिष्य ताटाशी बसून इकडंतिकडं पाहू लागला. आमच्या मावशी बोटं मोडत मोठ्यानं म्हणाल्या, "माहीत हाये ना थो कसा हाये, मंग वाढलं कायले त्याले?"

खुर्च्यांमधून हसू फुटलं. इतकी वर्षं हा प्रवेश पाहणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न आला नसेल असं नाही, पण विचारला कुणी नव्हता. तो शिष्य गोंधळून हातातली पोळी खाऊनच बसला, आणि नंतर त्याला तोंड भरलेलं असताना पुढचं वाक्य बोलावं लागलं.

मग क्रूस आला आणि हसू थांबलं. कारखान्यातल्या त्या मुलाला कुणी अभिनय शिकवला नव्हता. तो फक्त थकल्यासारखा दिसला. खरा थकला असेल, सकाळची पाळी करून आला होता. त्यानं मान टाकली. मावशींनी पदर डोळ्याला लावला. मी बाबांकडे पाहिलं. ते मंचाकडे पाहतच नव्हते. बोटानं पोत्याचा एक दोरा उसवत होते. उसवायचे, पुन्हा आत खुपसायचे.

पडदा सरकला. मध्यंतर झालं. बाबा उठले, पोतं झटकलं, घडी करून बगलेत मारलं.

"चला," ते म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

मी मागं धावले. जीपजवळ काका आधीच खर्रा घोटत उभे होते. त्यांनी निकाल दिला, "नाटक चांगलं होतं. हिरो जरा लवकर मेला."

बाबा जीपचं दार उघडत होते.

"बाबा, अजून आहे."

"काय हाये?" ते माझ्याकडे वळले. "मेल्यावर काय राहते, बाई? मरन पाहाले एवढ्या दूर आनलं मले? थे तं म्या घरीच पाहिलं."

मला उत्तर येत होतं. तोंडाशी होतं. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. पण मी बाईंना शब्द दिला होता, आणि सांगून टाकलेला शेवट पाहायला बाबा परत आलेच नसते. त्यांनी आयुष्यभर, नाटकाची गोष्ट आधी सांगणाऱ्याला ओसरीवरून उठवलेलं आहे. फाटकाबाहेर मी पदवी घेऊन उभी होते आणि ती कशाच्याही उपयोगाची नव्हती. शेवटी सुचलं ते त्यांच्याकडूनच शिकलेलं होतं.

"बाबा, पडदा पडला नाही."

"आत्ता पडला ना."

"तो मधला. शेवटचा पडला नाही अजून."

बाबा थांबले. शेवटचा पडदा पडायच्या आत उठणारा माणूस बाबांच्या लेखी माणूसच नाही. माझ्या मोठ्या मामांनी एकदा थंडी वाजते म्हणून पहाटे नाटक सोडलं होतं, तर बाबा त्यांच्याविषयी अजून 'थो उठून गेलेला' असंच बोलतात. त्यांनी दाराची मूठ सोडली. काकांकडे पाहिलं. काकांनी खर्रा कागदात बांधून खिशात घातला.

"पडदा पडला नाही म्हनते पोट्टी," बाबा म्हणाले, तक्रार करावी तसं.

"मंग काय, जा लागते," काका म्हणाले.

पुन्हा पोती अंथरली गेली. खुर्च्यांच्या मागं काही मंडळी नेहमीप्रमाणे चहाच्या किटल्यांकडे सरकत होती. मंचावर पहाटेचा निळा उजेड पडला. बाया सुगंधी तेलाच्या वाट्या घेऊन कबरीकडे निघाल्या. आपापसात कुजबुजत होत्या, एवढा मोठा दगड सरकवणार कोण? तेवढ्यात लाकडी चाक फळ्यांवरून गडगडत सरकलं. जोरात आवाज झाला. आत कुणीच नव्हतं. नुसतं कापड पडलं होतं.

"माय वो!" मावशी ओरडल्या. "नेला! चोरून नेला!"

"गप बस, पाहू दे," काका म्हणाले, पण तेही गुडघ्यांवर उठले होते. आमची सगळी रांग पुढं झुकली. मी सहज मागं पाहिलं, तर किटल्या हातात घेतलेली माणसं जागच्या जागी उभी होती. ती मंचाकडे पाहत नव्हती. आमच्या माणसांच्या तोंडाकडे पाहत होती. वर विंगेत बाई उभ्या होत्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि त्याही तिकडेच पाहत होत्या. त्यांना हवं होतं ते मिळत होतं.

मग बाकीच्या बाया गेल्या आणि एकटी एक राहिली. ते काम दवाखान्यातल्या एका नर्सकडे होतं. ती कबरीशी बसून रडत होती. तिच्या मागून खांद्यावर कुदळ घेतलेला माणूस आला. तिला वाटलं, बागेचा माळी. मान वर न करताच ती विचारत होती, तुम्ही त्यांना नेलं असेल तर कुठं ठेवलं ते सांगा, मी घेऊन जाईन. माळी काही समजावत बसला नाही. त्यानं फक्त तिच्या नावानं हाक मारली.

ती वळली.

बस, एवढाच प्रवेश होता. तिनं त्याला ओळखलं, आणि तो विंगेत गेला. कडेच्या कडुलिंबातले रातकिडे तेवढे ऐकू येत होते.

"वन्स मोर!"

मी तो आवाज ओळखायच्या आधी माझ्या पाठीच्या कण्यानं ओळखला. घंटेलाही तो ऐकू गेला असेल. मागं कुणाच्या तरी हातातून किटलीचं झाकण पडलं.

"झालं!" काका म्हणाले. "म्या म्हनलं होतं, हा राहत नाही." आणि लगेच स्वतःच छाती भरून ओरडले, "वन्स मोर!" मग मावशी, मग आमची सगळी रांग, आणि मग, खोटं का सांगू, खुर्च्यांमधूनही एक दोन आवाज आले.

मंचावर नर्स गुडघ्यांवर तशीच बसून होती. पुढं काय करायचं ते तिला कळेना. पास्टर उठले. त्यांच्या हातात पुढच्या प्रार्थनेसाठी माइक होता. ते विंगेतल्या बाईंना हळूच म्हणाले, "बाई, असं कसं चालेल? हे एकदाच होतं." माइक चालू होता. ते वाक्य अंगणभर, आणि बाहेर रस्त्यावर पाणीपुरीच्या गाडीपर्यंत गेलं.

काकांनी तितक्याच नम्रपणे विचारलं, "एकदा होते तं दुसऱ्यांदा काहून नाही होत जी?"

पास्टरांनी माइक बंद केला. पुढं त्यांनी बाईंना सांगितलं म्हणे, की धर्माचं इतकं शिक्षण झालं, पण हा प्रश्न कुणी घातला नव्हता.

बाई मंचावर आल्या. मी माफीचं तोंड तयार केलं. बाईंनी पास्टरांना शब्द माझ्या भरवशावर दिला होता आणि माझ्याच बापानं तो मोडला होता. बाईंनी आधी बाबांकडे पाहिलं. बाबा उभे होते. वन्स मोर देताना बाबा कधी उभे राहत नाहीत, बसूनच देतात, मागच्यांना दिसत नाही म्हणून. आता मात्र ते उभे होते, उसवलेलं पोतं पायाशी पडलेलं, आणि ते खाली बसायला तयार नव्हते.

बाई वळल्या आणि नर्सला म्हणाल्या, "रड गं पुन्हा."

"बाई, आता कुठून रडू?" नर्स कुजबुजली. तेही पहिल्या रांगेला ऐकू आलं.

"समोर बघ. येईल."

तिनं समोर, उभ्या बाबांकडे पाहिलं. तिला आलं.

"कुठं गेला रे तो? कुदळ घेऊन ये!" बाईंनी विंगेत हाक दिली. तोवर येशूनं झगा काढून कारखान्याचा शर्ट चढवला होता. तो धावत आला, झगा शर्टावरूनच ओढत. झग्याच्या गळ्यातून निळी कॉलर बाहेर आली होती आणि कुदळ उलटी धरलेली होती. धावल्यामुळे त्याला दम लागला. नाव घ्यायच्या आधी त्याला श्वास घेण्यासाठी थांबावं लागलं. चांगला बराच वेळ थांबला. मग त्यानं हाक मारली.

या वेळी ती वळली तेव्हा बाबा खाली बसले.

शेवटचा पडदा पडला. मग चहा आला, केकचे तुकडे आले. मावशींनी केक पदरात बांधून घेतला, घरी नातवाला. बाई आमच्याकडे आल्या. मी काही बोलायच्या आत त्या बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शब्द दिला होता."

"देला होता जी." बाबांनी हात जोडले. "चुकलं. पन मॅडमबाई, पुढं असं होते थे तुमी तरी सांगाले पाहिजे होतं का नाही?"

"सांगितलं असतं तर वन्स मोर आला असता का?"

बाबा विचारात पडले. नाटकाच्या माणसाचा प्रश्न होता, त्याला गुळमुळीत उत्तर चाललं नसतं. "नसता आला," ते म्हणाले.

"मग चहा घ्या."

बाईंच्या मागं ती चहाची माणसं किटल्या घेऊन फिरत होती. एकानं काकांना विचारलं, पुढच्या वर्षी याल ना? काका म्हणाले, "येऊ, पन आता आमाले शेवट माहीत झाला. दुसऱ्या गावचे लोक आना." बाईंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात आजूबाजूची गावं मोजायला लागले.

परतीच्या वाटेवर वरठीचा फाटा मागं पडेपर्यंत जीपमध्ये कुणाला बोलायला जागाच नव्हती, कारण बाबा बोलत होते. खलनायक बरा होता पण तोंडात पोळी भरून बोलला. दगडाचा आवाज एक नंबर. कबरीपाशी बसलेल्या त्या बाईचं रडणं खरं होतं.

"आन थो पोट्टा," ते म्हणाले. "पयल्यांदा घाई केली त्यानं. नाव घ्यायच्या आधी थांबाले पाहिजे. म्हनून तं वन्स मोर देला म्या. दुसऱ्या खेपेले कसा थांबला! कलाकार हाये."

त्याला दम लागला होता, हे मी सांगितलं नाही.

"वा रे वा," काका म्हणाले. "म्हनजे तू शिकवाले उभा राहिला होता."

बाबा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "पन एक चुकलं त्या नाटकात."

"काय?" मी विचारलं.

"नाव नाही घ्यायले पाहिजे. घरच्या मानसाले कोनी नावानं हाक मारते का?" ते बाहेर अंधारात पाहत बोलत होते, पण आवाज जीपभर होता. "तुही माय असती, तं तिनं नाव थोडी घेतलं असतं? 'अजी, आयकलं का', एवढंच म्हनली असती मागून."

"आन तू वळला असता?" काकांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पयल्या हाकेले म्या कधी वळलो का? तिले दोनदा बोलवा लागे."

काकांनी खिशातली खर्र्याची पुडी काढून बाबांपुढं धरली. बाबांनी घेतली. मागं मावशी पदरातला केक चाचपत होत्या, मोडला तर नाही ना म्हणून.

गावच्या पाटाशी जीप वळली तेव्हा बाबांनी विचारलं, "औंदा आपली मंडई कधी हाये?"

चैत्र चालू होता. दिवाळीला अर्धं वर्ष होतं.

"आधी धान तं होऊ दे, म्हाताऱ्या," काका म्हणाले.